रंग मुरू दे

सुमैयाने तीन मॉनिटर एका टेबलावर ओळीने मांडले, तिन्हींवर एकच चित्र लावलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा काका. निवांत बघा. घाई नाही."

मी बसलो. शर्टाच्या खिशातून कुंकवाची पुडी काढली, टेबलावर उलगडली आणि उचलून पहिल्या मॉनिटरच्या काचेजवळ धरली.

दुकानात हेडफोन बघायला आलेलं एक जोडपं होतं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे. माझा मुलगा पराग माझ्या मागे उभा होता. तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, आत ठेवा ना ते."

"का? तुझी आई अशीच बघायची."

आईचं नाव निघालं की आम्ही दोघंही गप्प होत होतो.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कुमुदला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. आठ दिवस तापाने पडली आणि गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जयसिंगपुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा होता. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दुकानांच्या पिशव्या. कुमुद कॉम्प्युटरवर पत्रिका मांडायची आणि मी रंग कालवून छापायचो. कॉम्प्युटरला मी हात लावत नव्हतो आणि रंगाच्या डब्यांना ती हात लावत नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

रंग ठरवायची तिची एक रीत होती. मॉनिटरच्या कडेला तिने कुंकवाची एक छोटी पुडी चिकटपट्टीने लावून ठेवली होती. "पत्रिकेवरचा गणपती कुंकवाच्याच रंगाचा पाहिजे," असं तिचं म्हणणं. लोक पत्रिका हातात घेतात तेव्हा पहिली नजर तिथेच जाते. आधी ती स्क्रीनवरचा लाल रंग पुडीशी जुळवून घ्यायची. मग मी डब्यात रंग कालवायचा, बोटाने कागदाच्या पट्टीवर ओढायचा, पट्टी स्क्रीनला लावून बघायची. जुळला की मी तिला हाक मारायचो. ती पट्टी उजेडात न्यायची, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "झकास. आता रंग जरा मुरू दे. तोवर दूध घेऊन या."

सहाव्या गल्लीतल्या डेअरीपर्यंत जाऊन यायला पंधरा मिनिटं लागत. मी दूध घेऊन यायचो, चहा व्हायचा, मग छपाई. ही आमची कामाची पद्धत. गावातले दुसरे छापणारे हसायचे. म्हणायचे, "रघुअण्णा, रंग म्हणजे काय लोणचं आहे व्हय, मुरायला?" मी म्हणायचो, "तुमचा गणपती बघा आणि आमचा बघा." मग त्यांची तोंडं बंद व्हायची. एका जणाने तर माझं ऐकून स्वतःच्या कारखान्यातही रंग मुरवायला सुरुवात केली होती.

कुमुद गेल्यावर पहिली ऑर्डर आली ती उदगावच्या एका घरातली. जुन्याच डिझाइनमध्ये नावं बदलायची होती, ती परागने पुण्याहून बदलून पाठवली. मी रंग कालवला, पट्टी जुळवली, दूध आणलं, छापलं. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील सगळे गठ्ठे घेऊन परत आले.

"अण्णा, हा गणपती आहे का वांगं?"

"म्हणजे?"

"जांभळा पडलाय की हो! लग्नाची पत्रिका आहे, काय करू मी ही?"

मला पत्रिका लालच दिसत होती. मला वाटलं, माणसाला दुसरीकडे स्वस्तात काम मिळालंय म्हणून निमित्त काढतोय. मी भांडलो. पण पुढच्याही ऑर्डरीत तेच झालं. ती बाई भांडली नाही, उलट माझीच समजूत घातली, "असू दे अण्णा, वहिनी नाहीत आता, व्हायचंच." ते भांडणापेक्षा वाईट होतं.

तेव्हा मी ठरवलं की मॉनिटर बिघडलाय. माझी पद्धत तीच, रंग त्याच कंपनीचे, माणूस तोच. बदललं असेल तर ते जुनं खोकं. तेरा वर्षांचा मॉनिटर होता. तो चुकीचा लाल दाखवतो, म्हणून मी चुकीचा लाल कालवतो. हिशेब सरळ होता.

पराग फोनवर म्हणाला, "अण्णा, बंद करा आता हे. पुण्याला या माझ्याकडे."

"आणि रेवतीची पत्रिका?"

रेवती म्हणजे कुमुदच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा कुमुद होती. "रेवतीची पत्रिका आमच्याकडची," असं तिने भर बैठकीत सांगून टाकलं होतं. डिझाइन तिने स्वतः करून ठेवलं होतं. वर गणपती, खाली केळीचे दोन खांब. फक्त तारीख घालायची राहिली होती. तारीख ठरली फाल्गुनातली. कुमुदच्या हातचं ते शेवटचं काम, आणि ते माझ्या हातून वांग्याच्या रंगाचं निघणार असेल तर मला जेवण गेलं नसतं.

"रेवतीची पुण्यात छापून घेऊ, मशीनवर," पराग म्हणाला.

"ती इथेच छापायची. तू मला मॉनिटर घेऊन दे. तुला त्यातलं कळतं."

शेवटी तो म्हणाला, "शनिवारी येतो."

म्हणून आम्ही त्या शनिवारी कोल्हापुरात सुमैया मुजावरच्या दुकानात बसलो होतो. सुमैया पस्तिशीची असेल. दुकान तिच्या वडिलांचं, आता ती बघत होती. परागने तिला आधीच फोन करून सांगितलं होतं. एका पेन ड्राइव्हमधून त्याने रेवतीची पत्रिका तिन्ही मॉनिटरवर लावली. तीन गणपती माझ्याकडे बघत होते.

"हा पहिला गेमिंगचा," सुमैया म्हणाली. "थोडा वाकडा आहे बघा, कडा आत वळल्यात. चित्र फार भराभर बदलतं याच्यावर. गाड्यांची शर्यत वगैरे एकदम गुळगुळीत दिसते."

"लग्नपत्रिका काय पळते का?" मी म्हणालो.

ती मोकळेपणाने हसली. परागही हसला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता तो त्या वाकड्या पडद्यापाशी जरा जास्त वेळ उभा राहिला. शाळेत असताना तो आणि कुमुद पत्रिकांचं काम आवरलं की आमच्या जुन्या मॉनिटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे. कुमुदची गाडी कधी रस्त्यावर राहिली नाही. ती गवतातून, झाडांतून चालवायची आणि म्हणायची, "इकडून जवळ पडतं."

"हा दुसरा सिनेमे बघायला," सुमैया म्हणाली. "मोठा आहे, काळा रंग एकदम काळा, बाकीचे रंग भडक. घरी आणला की सगळे खूश होतात. आणि हा तिसरा कामाचा. फोटोवाले, छपाईवाले हा नेतात. दिसायला साधा. पण रंग जसा आहे तसा दाखवतो, वाढवून नाही, कमी करून नाही."

मी पुडी तिन्हींजवळ धरून बघितली. तिन्हींकडे पुन्हा बघितलं. मला तिन्ही सारखेच दिसत होते. फरक एवढाच की दुसरा जास्त चमकत होता.

"हा घेऊ," मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"अण्णा, तो भडक आहे. तिसरा घ्या."

"तिसऱ्यात काय आहे? पांढरासुद्धा पिवळट दिसतोय."

सुमैयाने माझ्याकडे बघितलं. "कुठला पांढरा, काका?"

"हाच. कागदाचा. तिन्हींत पिवळट आहे, पण दुसऱ्यात जरा कमी वाटतो."

ती पुढे झाली. तिने तिसऱ्या मॉनिटरवरची पत्रिका काढली आणि नुसता पांढरा रंग लावला. "आता?"

"पिवळटच की. जुन्या कागदासारखा."

तिने परागकडे बघितलं. परागने नजर खाली घातली. मला राग आला. हे दोघं मिळून मला महागातलं गळ्यात मारतायत असं वाटलं. मी पिशवीतून उदगावची परत आलेली पत्रिका काढली.

"हे बघ पोरी. ही पत्रिका मी छापली, आणि ही माझ्या बायकोची कुंकवाची पुडी. रंग एक आहे का नाही तूच सांग. लोक म्हणतात जांभळं झालंय. म्हणजे माझा मॉनिटर मला फसवतोय, बरोबर? मला न फसवणारा पाहिजे, एवढंच."

सुमैयाने पत्रिका घेतली. पुडीशेजारी ठेवली. मग हळूच म्हणाली, "काका, पुडी लाल आहे. गणपती राणी रंगाचा आहे."

"दोन्ही एकच आहेत."

"मी एक करून बघू?"

तिने की-बोर्डवर काहीतरी केलं आणि सगळा पडदा लाल झाला. "आता मी पडद्याचे दोन भाग केलेत. एक लाल, एक राणी. त्यांच्यामधे कुठेतरी उभी रेघ आहे. जिथे रंग बदलतो तिथे बोट ठेवा."

मी बघितलं. लाल होता. इकडून तिकडे नुसता लाल. मी डोळे बारीक केले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. मला खात्री होती की ही पोर माझी गंमत करतेय. पण तिच्या तोंडावर गंमत नव्हती. शेवटी मी अंदाजाने मध्यभागी बोट ठेवलं.

"काका," सुमैया म्हणाली, "रेघ इथे आहे." माझं मनगट धरून तिने माझं बोट हळूच डावीकडे सरकवलं. चांगलं वीतभर. "माझ्या अब्बांचं असंच झालं होतं. हिरवा दिवा लागलाय का निळा, सांगता येईना. मोतीबिंदू होता. अर्ध्या तासाचं काम असतं आता."

मी उठलो. पुडीची घडी घातली. घाईत थोडं कुंकू टेबलावर सांडलं. ते मी बोटाने गोळा करायला लागलो तर ती म्हणाली, "राहू दे काका, मी पुसते." मी म्हणालो, "पुसू नको." आणि सगळं गोळा करून पुडीत भरलं.

माझ्या वडिलांनी एका गावातल्या शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पट्टी सुटली तेव्हा त्यांना काही दिसत नव्हतं. पुढे अठरा वर्षं ते ओसरीवर बसून कोण आलं कोण गेलं ते पावलांवरून ओळखायचे. आमच्या घरात डोळे दाखवायचा विषय निघाला की मी ताटावरून उठायचो. कुमुदने दोन-तीनदा काढला होता. मग तिने तो विषय सोडून दिला.

दुकानाच्या समोर चहाची गाडी होती. पराग दोन कप घेऊन आला. मी कप हातात धरून उभा राहिलो.

"माझे डोळे ठीक आहेत," मी म्हणालो. "वीस वर्षांपूर्वीचं रबरी शिक्क्यावरचं अक्षर मी वाचतो अजून."

"हो."

"इतकी वर्षं झाली, डोळ्यांना कसला त्रास नाही. पत्रिका कशा निघत होत्या बघ. तुझी आई होती तोपर्यंत एक गठ्ठा परत आला होता का?"

"नाही आला."

"मग? पाच महिन्यांत डोळे जातात का माणसाचे?"

पराग चहा पीत राहिला. त्याच्या आईसारखीच त्याचीही सवय. उत्तर माहीत असलं की जास्त वेळ लावायचा.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार."

"रंग मुरतो का हो?"

"म्हणजे?"

"कालवल्यावर पंधरा मिनिटं. मुरतो का?"

"मुरतो म्हणजे? मुरतोच. मुरल्याशिवाय का आपण कधी छापलंय? तुझी आई तर..."

मी थांबलो.

समोरून एक रिक्षा गेली. गाडीवाला कपबशा विसळत होता. मला एकदम आमच्या फळीवरचे रंगाचे डबे दिसायला लागले. लाल, निळा, काळा, पांढरा. आणि पिवळा. पिवळा रंग आम्ही फारसा वापरत नव्हतो, हळदीकुंकवाच्या निमंत्रणांपुरता. तरी तो सगळ्यात आधी संपायचा. मी तिला चिडवायचो, "पिवळा काय पितेस का गं?" ती म्हणायची, "पिते. रंग उजळतो म्हणतात." आणि हसायची.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सहा वर्षं तरी. मी एका दिवाळीत आलो होतो, तुम्ही दूध आणायला गेला होता. मी आत आलो तर आई डब्यात चमच्याने पिवळा घालून ढवळत होती. मला बघून दचकली. तुमच्यापेक्षा मलाच जास्त घाबरली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तिने शपथ घातली. म्हणाली, ह्यांना कळलं तर हे डब्याला पुन्हा हात लावणार नाहीत, आणि मला ह्यांच्याबरोबरच काम करायचंय. मी म्हणालो, मग डोळे दाखवायला लाव. म्हणाली, माणूस तुझ्या आजोबांच्या आठवणीने ताटावरून उठतो. त्याला उपाशी ठेवू का?"

"आणि ती गेल्यावर?"

परागने शेवटचा घोट घेतला. "गेल्यावर कसं सांगणार अण्णा? तुम्हाला वाटलं असतं, सगळं तिचंच होतं. तुमचं काहीच नव्हतं. म्हणून म्हणत होतो, बंदच करा. तुम्हाला कधी न कळताच बंद झालं असतं."

मी त्याला पाच महिने मनातल्या मनात दगड म्हणत होतो. आई गेली आणि याला तिच्या धंद्याचं काहीच नाही. तो समोर उभा होता, डोळे भरलेले, आणि मी काय करावं मला कळेना. मी त्याच्या हातातला रिकामा कप घेतला आणि माझ्या कपात घातला. तेवढंच सुचलं.

मग आम्ही पुन्हा दुकानात गेलो. सुमैया टेबल आवरत होती.

"पोरी, हे मॉनिटर एक महिना असतील का?"

"असतील की."

"मग आधी डोळे. मॉनिटर नंतर."

ती म्हणाली, "काका, मी तुमच्यासाठी एक बाजूला ठेवते. कुठला, ते तुम्ही येऊन सांगा."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात मी परागचा हात सोडत नव्हतो, तो बाहेर थांबला पाहिजे असं तीनदा सांगावं लागलं. आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दिसेल ना?" त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या मुलीची पत्रिका तुमच्याकडे." मुलगी तेव्हा चौथीत होती, हे मला नंतर कळलं.

आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पहिली गोष्ट दिसली ती परागचा शर्ट. आदल्या दिवशी तो राखाडी होता, आता निळा होता. भिंत इतकी पांढरी होती की मला ती ओली वाटली. मी भिंतीकडेच बघत राहिलो. पराग घाबरून म्हणाला, "अण्णा? दिसतंय ना?"

"दिसतंय," मी म्हणालो. "पुडी दे."

त्याने पुडी दिली. मी ती आणि उदगावची पत्रिका शेजारी धरली. डावा डोळा, ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, तो मिटला आणि उजव्याने बघितलं. पुडी लाल होती आणि गणपती खरोखर वांग्यासारखा होता. मग उजवा मिटला आणि डाव्याने बघितलं. दोन्ही एकच. कितीतरी वेळ मी हेच करत बसलो. एक डोळा उघडायचो, दुसरा मिटायचो. एका डोळ्याने जग तिला दिसायचं तसं होतं, दुसऱ्याने मला दिसायचं तसं.

घरी आल्यावर मी भिंतीवरच्या तिच्या फोटोसमोर उभा राहिलो. फोटोत तिने शेवटच्या दिवाळीची साडी नेसलेली आहे. ती साडी मी एकट्याने जाऊन आणली होती. तिला हिरवी पाहिजे होती. माझ्याकडे हिरव्या काठापदराची नाही, असं ती वर्षभर म्हणत होती. मी साडी तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती उलगडून उजेडात नेली, मान तिरकी करून बघितली आणि म्हणाली, "झकास. अगदी मनातली हिरवी आणलीत."

फोटोतली साडी निळी आहे.

पराग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला विचारलं, "तुला ही कुठल्या रंगाची दिसते?" तो म्हणाला, "आईने सांगितलं होतं, कोणी विचारलं तर हिरवी म्हणायचं."

आम्ही दोघंही हसायला लागलो. आणि मग मी खाली बसलो. पाच-सहा महिन्यांचं जे अडलेलं होतं ते त्या दिवशी निघालं. पराग माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

पंधरा दिवसांनी डावा डोळा झाला. महिन्याने आम्ही कोल्हापूरला गेलो. सुमैयाने तीन मॉनिटर लावले आणि तिसऱ्यावर दोन रंगांचा पडदा.

"रेघ दाखवा काका."

मी बोट ठेवलं. ती म्हणाली, "पास." मग तिने तिन्हींवर रेवतीची पत्रिका लावली. आता तीन गणपती तीन रंगांचे होते. गेमिंगच्या पडद्यावर जरा फिका, सिनेमाच्या पडद्यावर इतका भडक की डोळ्यांवर येत होता. तिसऱ्यावर मी पुडी धरली आणि पुडी कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळलं नाही.

"हा," मी म्हणालो.

परागला मी विचारलं, "याच्यावर गाड्या पळतील का?"

"पळतील. जरा अडखळत."

"तुझी आई चालवायची तशा?"

"तेवढ्या नाही."

रेवतीची पत्रिका मी फाल्गुनाच्या आधी छापली. नव्या मॉनिटरच्या कडेला मी ती पुडी चिकटपट्टीने लावली. रंग कालवायला बसलो. हात सवयीने लाल डब्यात गेला, थोडा निळ्यात गेला. मी बघितलं. जांभळट झाला होता. मी निळा का घालत होतो सहा वर्षं, देव जाणे. मी स्वतः पिवळ्याचा डबा उघडला. चमचा त्यातच होता, तिने ठेवलेला, रंग वाळून कडक झालेला. मी तो टर्पेंटाइनमध्ये धुतला आणि त्याच चमच्याने पिवळा घातला. एक चमचा, मग अर्धा. पट्टी ओढली. मॉनिटरला लावली, पुडीला लावली, दारात उजेडात नेली. मान तिरकी करून बघितली.

जुळला होता.

पत्रिका बघून रेवती माझ्या गळ्यात पडली. "काका, मावशीच्याच हातची वाटते." मी म्हणालो, "तिचीच आहे."

मी अजून छापतो. कमी छापतो, पण छापतो. गणपतीच्या रंगाबद्दल कोणाची तक्रार नाही. रंग मुरत नाही हे मला आता माहीत आहे. ज्याने माझं ऐकून कारखान्यात रंग मुरवायला घेतला होता त्यालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, आता सवय झाली, राहू दे."

माझंही तसंच आहे. रंग कालवला, जुळला, की मी डबा खिडकीखाली ठेवतो आणि सहाव्या गल्लीत दूध आणायला जातो. मुद्दाम सावकाश जातो. पंधरा मिनिटांनी परत येतो, पिशवी ओट्यावर ठेवतो आणि डब्यात डोकावतो.

रंग मी ठेवला होता तसाच असतो.